घराच्या लक्षात असतं

ओट्याखालचा एक खण घ्या. समजा त्यात दहा कप्पे आहेत आणि दहा वस्तू: सुरी, सोलाणं, किसणी, गाळणी, चिमटा, झारा, उलथनं, रवी, लाटणं आणि गॅसचा लायटर. या दहा वस्तू त्या दहा कप्प्यांत किती तऱ्हांनी ठेवता येतील? पहिल्या कप्प्यासाठी दहा पर्याय, दुसऱ्यासाठी नऊ, तिसऱ्यासाठी आठ, असं गुणत गेलं की उत्तर येतं ३६,२८,८००. दर सेकंदाला एक नवी मांडणी करून पाहायची ठरवली आणि दिवसरात्र हात थांबवला नाही, तर सगळ्या मांडण्या संपायला बरोबर सहा आठवडे लागतील. हा अंदाज नाही. ४२ दिवसांचे सेकंद मोजले तर ते ३६,२८,८००च भरतात. त्याच खणात आणखी पाच वस्तू आल्या आणि कप्पे पंधरा झाले, तर याच वेगानं ४१ हजारांहून जास्त वर्षं लागतील. माणूस शेती करायला लागला त्याच्या कितीतरी आधीपासून बसावं लागेल.

एवढ्याशा खणात एवढ्या शक्यता दडलेल्या असतात, याचं मला अजून नवल वाटतं. या छत्तीस लाखांपैकी ‘खण आवरलेला आहे’ असं आपण कितींना म्हणू? दहा? शंभर? सढळ हातानं हजार धरा. तरी उरलेल्या छत्तीस लाखांहून जास्त मांडण्या म्हणजे पसाराच. वस्तू न बघता कुठंही टाकली की ती पसाऱ्यातच जाऊन पडणार, कारण पसारा व्हायच्या तऱ्हाच अफाट आहेत. घर पसरतं त्यात कुणाच्या आळसाचा वाटा असेलही, पण संख्यांचा वाटा फार मोठा आहे. मुलांवर ओरडण्याआधी हा गुणाकार एकदा आठवावा, असं मला मनापासून वाटतं.

लुडविग बोल्ट्झमान या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञानं (१८४४–१९०६) अणूंच्या बाबतीत हाच हिशेब मांडला. व्हिएन्नाच्या मोठ्या दफनभूमीत त्याच्या थडग्यावर ते समीकरण कोरलेलं आहे: एखादी अवस्था किती तऱ्हांनी घडू शकते, त्या संख्येच्या लॉगॅरिदमवरून तिची एंट्रॉपी ठरते. घरातल्या पसाऱ्यालाही एंट्रॉपी म्हणायची पद्धत पडली आहे, पण एक फरक लक्षात ठेवायला हवा. अणू आपणहून हलत राहतात; लाटणं हलत नाही. रात्री बंद केलेला खण सकाळी तसाच सापडतो. लाटणं हलतं ते घरातल्या हातांमुळे. म्हणजे घरात माणसं जेवतात, खेळतात, घाईघाईनं कामाला पळतात, त्याची नोंद पसाऱ्यात उमटत असते. ते लाटणं परत जागेवर ठेवायची ताकद पोळीभाजीतून येते. त्या कष्टाची ऊब खोलीत पसरते, आणि खण आवरून झाल्यावरसुद्धा जगाची एकूण एंट्रॉपी वाढलेलीच असते.

मग लाखो मांडण्यांतून तीच एक मांडणी रोज, वर्षानुवर्षं, घराघरात कशी साधते? मला याचं उत्तर आठवणीत सापडतं. आवरलेलं घर ही एक आठवण आहे. ती डोक्यात कमी आणि वस्तूंच्या जागांमध्ये जास्त साठवलेली असते, आणि ती घरातल्या सगळ्यांची मिळून असते. ती कशी बनते आणि कशी टिकते, हे बघायला लागलं की साधं फडताळसुद्धा विज्ञानाचं पुस्तक वाटायला लागतं.

या आठवणीचा सगळ्यांत देखणा नमुना मराठी स्वयंपाकघरात ओट्यावरच असतो: मिसळणाचा डबा. गोल डबा, आत सारख्या सात वाट्या, एक मधे आणि सहा भोवती. सहाच का? एका नाण्याभोवती तशीच नाणी लावून बघा. सहा नाणी मधल्याला आणि एकमेकांना टेकून नेमकी बसतात. पाच लावली तर फट राहते, सातवं शिरतच नाही. या मांडणीत डब्याची त्रिज्या वाटीच्या त्रिज्येच्या बरोबर तिप्पट होते आणि तळाचा नवांपैकी सात भाग, म्हणजे जवळजवळ ७८ टक्के, वाट्यांनी व्यापलेला असतो. खरी कमाल पुढं आहे. तशाच फक्त सहा वाट्या एका गोल डब्यात बसवायच्या म्हटल्या, तरी यापेक्षा लहान डबा चालत नाही. गणितज्ञांनी ते सिद्ध केलं आहे. सहा वाट्यांना जेवढा डबा लागतो तेवढ्यातच सातवी मावते, तिच्यासाठी वेगळी जागा लागत नाही. आठवी आणली की मात्र डबा वाढवावा लागतो. शिवाय कडेची प्रत्येक वाटी चार ठिकाणी टेकलेली असते: दोन शेजारच्या वाट्या, एक मधली वाटी आणि डब्याची भिंत. डबा उचलून ओट्यावरून टेबलावर नेला, तरी हळद हळदीच्या जागी आणि जिरं जिऱ्याच्या जागी राहतं.

ही नेमकी जागा किती मोलाची, ते फोडणी घालताना कळतं. तेल तापलं की मोहरी पडते. दाण्यातल्या ओलाव्याची वाफ होते, साल फुटतं, तडतड ऐकू येते. मग जिरं, हिंग, हळद आणि शेवटी तिखट. हळदीला रंग देणारं कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळतं. म्हणून हळद फोडणीतच घालायची. पण तापल्या तेलात ती काही क्षणांत करपते आणि तिखट तर बघता बघता काळं पडतं. मोहरी तडतडल्यापासून भाजी कढईत पडेपर्यंत हाताशी जेमतेम काही सेकंद असतात. तेवढ्यात पाच वेगवेगळे डबे शोधायचे, पाच झाकणं उघडायची म्हटलं तर फोडणी जळालीच. म्हणून सगळं एका झाकणाखाली, एका हाताच्या टप्प्यात. डोळे तेलाकडे असतात आणि हात न चुकता हिंगाकडे जातो. नव्या घरात आलेल्या सुनेचा हात सुरुवातीला जिऱ्याऐवजी मेथ्यांच्या वाटीत जातो तो यामुळेच. तिच्या हातात अजून माहेरचा डबा असतो. मधल्या वाटीचा मान कुणाचा, हेही घरागणिक वेगळं, आणि त्यावर कुणाचं मत बदलताना मी पाहिलेलं नाही.

डब्यातल्या जागा माणसानं ठरवलेल्या असतात. पण घरातल्या काही जागा कुणीही न ठरवता आपोआप लागत जातात. कपाटातली कपड्यांची थप्पी बघा. आपण मधूनच एखादा सदरा ओढून काढतो, घालतो, धुतो, घडी करून थप्पीवर ठेवतो. महिनाभर असं चाललं की नेहमीचे कपडे वर आणि लग्नाबिग्नाचे तळाला, अशी रचना तयार होते. कुणी लावली? कुणीच नाही, वापरानं लावली.

या थप्पीवर एक गाजलेलं प्रमेय आहे. १९८५ साली डॅनियल स्लीटर आणि रॉबर्ट टार्जन या संगणकशास्त्रज्ञांनी असा प्रश्न घेतला: एक रांग आहे, कोणती वस्तू कधी मागितली जाईल ते ठाऊक नाही आणि जी वस्तू जितकी मागं तितके तिला शोधायचे कष्ट जास्त. मग रांग कशी लावावी? त्यांनी सिद्ध केलं, की वापरलेली वस्तू दर वेळी सरळ पुढं आणून ठेवली, तर आपले एकूण कष्ट हे पुढचं सगळं आधीच ठाऊक असलेल्या सर्वज्ञ माणसाच्या कष्टांच्या दुपटीहून जास्त कधीच होत नाहीत. हे पुन्हा वाचावं असं वाक्य आहे. समोर त्रिकालज्ञ बसला आहे, आयुष्यभर कोणत्या दिवशी कोणता सदरा लागणार हे त्याला माहीत आहे, आणि आपण फक्त ‘धुतलेला वर ठेवा’ एवढंच पाळतो. तरी तो आपल्यापुढं दुपटीपेक्षा जास्त जात नाही! टेबलावरच्या कागदांनाही हा नियम लागू पडतो. जपानमधले अर्थतज्ज्ञ युकिओ नोगुची यांनी १९९३ सालच्या पुस्तकात कागदपत्रांसाठी अशीच पद्धत सांगितली. प्रत्येक विषयाचं एक पाकीट करायचं, पाकिटं एका रांगेत उभी ठेवायची आणि वापरलेलं पाकीट परत ठेवताना डाव्या टोकाला ठेवायचं. वर्गवारी करायचीच नाही. विजेचं बिल, शाळेची पावती, विम्याचा कागद, सगळे आपापल्या गरजेप्रमाणे पुढंमागं सरकत राहतात आणि कधीच न लागणारे उजव्या टोकाला गोळा होतात.

पण मोदकपात्राचं काय? चकलीच्या सोऱ्याचं, गौरींच्या मुखवट्यांचं, स्वेटरांच्या बोचक्याचं? ओट्यावर, फडताळात सगळं मावत नाही, म्हणून काहीतरी माळ्यावर टाकावंच लागतं. माळ्यावर काय टाकायचं? संगणकालाही हाच प्रश्न पडतो, कारण त्याचीही झटपट हाती येणारी स्मृती लहान असते आणि हळू चालणारी मोठी. १९६६ साली आयबीएममधल्या लास्लो बेलाडी यांनी त्याचं सर्वोत्तम उत्तर सांगितलं: जी गोष्ट पुन्हा सगळ्यांत उशिरा लागणार आहे ती आधी बाहेर काढा. उत्तर निर्दोष आहे, अडचण एवढीच की संगणकाला पुढचं दिसत नाही. त्यामुळे तो बिचारा मागचं बघून अंदाज बांधतो, बरेच दिवस न वापरलेलं ते बाहेर.

घराला मात्र पुढचं दिसतं. भिंतीवर दिनदर्शिका टांगलेली असते. गणपती भाद्रपदात येणार, सोऱ्या आश्विनात लागणार, छत्र्या ज्येष्ठात निघणार आणि लोकर मार्गशीर्षाच्या आसपास, हे वर्षभर आधी ठाऊक असतं. कुरडया-पापडांचे डबे चैत्र-वैशाखाच्या उन्हात भरले जातात, लोणच्याच्या बरण्या त्याच सुमारास धुऊन उन्हात वाळतात. श्रावण लागला की मोदकपात्र माळ्यावरून खाली येतं, आणि विसर्जन झालं की वर्षभरासाठी परत वर जातं. यंत्राला जे उत्तर नुसतं कागदावर दिसतं, ते आपल्या आज्या पंचांग बघून प्रत्यक्षात वापरत आल्या आहेत. माळा नीट लावायचा असेल तर वस्तूंची जातवारी करण्यापेक्षा त्या महिन्यांप्रमाणे लावाव्यात, असं माझं ठाम मत आहे. ज्येष्ठातलं दाराशी, माघातलं खोल आत.

वस्तू हातांनी हलतात, पण घरात आणखी एक गोष्ट सतत फिरत असते आणि तिला हात लागत नाहीत: धूळ. मातीचा एक मायक्रोमीटरचा कण, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, शांत हवेत तासाभरात जेमतेम वीतभर खाली उतरतो. छतापाशी उडालेला असा कण जमिनीला लागायला अर्धा दिवस सहज जातो, आणि पंखा चालू असेल तर तो कधी टेकेल याचा नेम नाही. सकाळी केर काढून फरशी पुसून झाली तरी दुपारी टीव्हीवर बोट फिरवलं की रेघ उमटते. ही आदल्या रात्रीची किंवा सकाळच्या झाडूनं उडवलेली बारीक धूळ. जळमटं आधी, मग फळ्या, मग फरशी, हा क्रम जगभरच्या घरांत सारखा आहे, कारण गुरुत्वाकर्षण सगळीकडे सारखं आहे.

आणि पंख्याची पाती! दिवसाचे कितीतरी तास गरगर फिरणाऱ्या पात्यांवर धूळ बसतेच कशी? फिरण्यानं ती उडून जायला नको का? लुडविग प्रान्टल या जर्मन शास्त्रज्ञानं १९०४ साली हायडेलबर्गच्या गणित परिषदेत एक छोटा निबंध वाचला, त्यात याचं मर्म आहे. हवा कितीही जोरात वाहो, पृष्ठभागाला अगदी टेकलेला तिचा थर पृष्ठभागाला धरूनच राहतो. पात्याच्या नजरेतून पाहिलं तर तिथं वाराच नाही. पात्याची पुढची कड हवा कापत जाते, तिच्यावर आदळलेला बारीक कण चिकटतो आणि त्या निवांत थरात सुखरूप राहतो. म्हणून फुंकर मारून टेबलावरची बारीक धूळ पूर्ण जात नाही आणि ओलं फडकं फिरवावंच लागतं. विमानाच्या पंखांचं शास्त्र ज्या कल्पनेवर उभं राहिलं, तीच कल्पना आपल्या छताला टांगलेल्या पंख्यावर करड्या थरात लिहिलेली असते.

वर्षाची मोठी आवराआवर घट बसायच्या आधी का होते, याकडे मी आता वेगळ्या नजरेनं बघते. अंथरुणात राहणारे धुळीतले सूक्ष्म माइट पाणी पीत नाहीत. ते हवेतली वाफ अंगातून शोषून घेतात. चार महिने दमट हवेत त्यांची चंगळ असते. हवा बराच काळ कोरडी राहिली, सापेक्ष आर्द्रता ५० टक्क्यांखाली गेली, की ते सुकून मरतात. पाऊस ओसरतो, ऊन परत कडक होतं, आणि नेमकं तेव्हा गावोगाव गोधड्या नदीवर, विहिरीवर, गच्चीवर धुतल्या जातात, गाद्या उन्हात टाकल्या जातात, डबे घासून पालथे घातले जातात. याच सुमारास कडधान्याला एरंडेलाचा हात फिरवतात आणि धान्याच्या कणगीत बिब्बे टाकतात. एरंडेलाची कमाल अशी, की त्यात कीड मारणारं जालीम विष असायची गरजच नसते. भुंगेरा दाण्याच्या सालीवर अंडी घालतो आणि अळी आत शिरते. तेलाचा पातळ थर बसला की अंड्याला हवा मिळत नाही, ते गुदमरतं. साठवण हीसुद्धा आवरण्यातलीच गोष्ट. डब्यात ठेवलेली तूर सहा महिन्यांनी तूर म्हणूनच बाहेर यायला हवी.

आता या सगळ्या जागा माणसाच्या डोक्यात कशा राहतात, ते पाहू. १९७१ साली लंडनमध्ये जॉन ओकीफ यांना उंदराच्या मेंदूत अशा पेशी सापडल्या, ज्या उंदीर खोलीतल्या एका ठरावीक जागी आला की चेतायच्या. दुसरी जागा, दुसरी पेशी. २००५ साली नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइममध्ये माय-ब्रिट आणि एडवर्ड मोसर यांच्या गटानं शेजारच्याच भागात आणखी चमत्कारिक पेशी शोधल्या. त्यातली एकेक पेशी एका नाही तर अनेक जागी चेतते, आणि त्या जागा कागदावर मांडल्या तर एक सुबक जाळी दिसते: एका ठिपक्याभोवती समान अंतरावर सहा ठिपके. तिघांना २०१४ चं नोबेल पारितोषिक मिळालं. पुढं माणसाच्या मेंदूतही अशा पेशींचे पुरावे मिळाले.

एकाभोवती सहा. मिसळणाचा डबा! सपाटीवर सारखे गोल जास्तीत जास्त दाट बसवायचे तर हीच रचना येते. कमीत कमी पेशींत जास्तीत जास्त नेमका नकाशा काढण्यासाठी मेंदूला ती सोयीची पडत असावी, असं अनेक अभ्यासक मानतात. ज्या रचनेत आपण मोहरी-जिरं ठेवतो, त्याच रचनेनं मेंदू मोहरी-जिऱ्यापर्यंतचं अंतर मोजत असतो. हे कळल्यापासून मला डब्याचं झाकण उघडताना दर वेळी आनंद होतो.

याच ज्ञानाला एक हळवी बाजूही आहे. मोसर दांपत्याला ही जाळी मेंदूच्या ज्या भागात सापडली, तो एंटोरायनल कॉर्टेक्स हा अल्झायमरमध्ये सुरुवातीलाच बाधणाऱ्या भागांपैकी एक. चष्मा फ्रिजमध्ये, किल्ल्या पिठाच्या डब्यात, अशा गोष्टी घडायला लागतात तेव्हा डोक्यातला नकाशा पुसट व्हायला लागलेला असतो. अशा वेळी घराचा नकाशा तरी जागेवर राहायला हवा. घरात वयस्कर माणूस असेल तर त्यांच्या औषधांची, काठीची, चष्म्याची, पाण्याच्या तांब्याची जागा कुणी हलवू नये. ‘इथं छान दिसेल’ म्हणून तर मुळीच हलवू नये. आजोबांचा हात ज्या खुंटीकडे जातो, तिथं त्यांची टोपी असलीच पाहिजे.

घरची आठवण एकाच्या डोक्यात मावत नाही, ती वाटून घेतलेली असते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी १९८५ साली या वाटणीचा सिद्धान्त मांडला. सोबत राहणारी माणसं सगळंच लक्षात ठेवत नाहीत. कोणाला काय माहीत आहे, एवढं लक्षात ठेवतात. गॅसचं पुस्तक बाबांना विचारायचं, लसीकरणाचं कार्ड आईला, चार्जर ताईला. १९९१ साली वेग्नर आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात काही जोड्या एकमेकांच्या प्रेमात असलेल्या, काही अनोळखी माणसांच्या. दोघांनी मिळून माहिती लक्षात ठेवायची होती. कुणी काय ठेवायचं हे त्यांच्यावर सोडलं तेव्हा प्रेमातल्या जोड्या सरस ठरल्या. पण ‘तू हे विषय सांभाळ, तू ते’ अशी वाटणी प्रयोग करणाऱ्यांनी लादली, तेव्हा प्रेमातल्या जोड्या अनोळखी जोड्यांपेक्षाही मागं पडल्या. त्यांची न बोलता ठरलेली व्यवस्था लादलेल्या व्यवस्थेनं मोडली होती.

हा निष्कर्ष प्रत्येक घरानं जपून ठेवावा. दोन दिवसांसाठी आलेली मावशी प्रेमानं सगळं स्वयंपाकघर लावून देते, फळ्या लखलखतात, आणि पुढचा आठवडाभर कुणाला काही सापडत नाही. तिनं घर आवरलेलं असतं, पण आठवण पुसलेली असते.

याच जागी मला फ्रँकफर्टचं स्वयंपाकघर आठवतं. १९२६ साली मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन वास्तुरचनाकार स्त्रीनं कामगारांच्या घरांसाठी ते आखलं. रुंदी सुमारे १.९ मीटर, लांबी ३.४ मीटर. आगगाडीच्या भोजनडब्यातलं चिंचोळं स्वयंपाकघर तिच्या डोळ्यांसमोर होतं. शेगडी, मोरी, टेबल यांच्यातली पावलं मोजून कमी केली. तांदूळ, साखर, डाळी यांसाठी नावं कोरलेले अ‍ॅल्युमिनियमचे खण. पिठाचा खण मात्र ओकच्या लाकडाचा, कारण त्यातल्या टॅनिनमुळे पिठातल्या अळ्या दूर राहतात. आपल्या बिब्ब्याची ही दूरची बहीणच. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं बांधली गेली, आणि आजच्या आपल्या ओट्याच्या, ट्रॉल्यांच्या रचनेत त्यांचा अंश आहे. बाईचा वेळ वाचावा, तिला घराबाहेरचं आयुष्य मिळावं, ही त्यामागची तळमळ खरी होती. तरी त्या खोलीत एकच माणूस नीट वावरू शकायचा. नवरा, मुलं दाराबाहेर. नकाशा अचूक, पण एकटीच्याच डोक्यात.

आपल्याकडे खोली मोठी असली तरी बहुतेक घरांत हेच झालेलं असतं. ‘आई, माझे मोजे?’ या हाकेला आई दुसऱ्या खोलीतून, न बघता, ‘डाव्या खणात, टॉवेलांच्या मागं’ असं उत्तर देते. तिच्या डोक्यात केवढा प्रचंड नकाशा आहे, हे बघून मी थक्क होते. आणि तो एकटीनं वाहणं किती थकवणारं असेल, हेही जाणवतं. मला तर डब्यांवर नावाच्या चिठ्ठ्या लावणं हे यावरचं सगळ्यांत प्रेमळ उत्तर वाटतं. पारदर्शक बरण्या, ठळक अक्षरांतली नावं, मुलांच्या उंचीवर लावलेल्या खुंट्या. आईच्या डोक्यातलं घर त्या चिठ्ठ्यांतून भिंतीवर, फळ्यांवर उतरतं आणि मग बाबांनाही साबुदाणा सापडतो.

आणि घरातलं सगळ्यांत लहान माणूस हा नकाशा काढायला कधी सुरुवात करतं? स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी आपल्या स्वतःच्या तीन मुलांचं निरीक्षण करून यावर लिहिलं आहे. आठ-दहा महिन्यांच्या बाळासमोर खेळणं एका दुपट्याखाली लपवा. ते शोधून काढतं. असं दोनतीनदा झाल्यावर, त्याच्या डोळ्यांदेखत, ते दुसऱ्या दुपट्याखाली लपवा. बाळ पुन्हा पहिल्याच दुपट्याकडे हात नेतं! खेळण्याची ‘जागा’ त्याच्या लेखी ठरून गेलेली असते. साधारण वर्षाचं होता होता ही चूक थांबते. याच वयात बाळ रांगत स्वयंपाकघरात येतं, खालच्या फडताळाचं दार उघडतं आणि वाट्या, झाकणं, डाव, पातेली सगळी बाहेर ओढून काढतं. एकेक वाजवून बघतं, एकात एक घालून बघतं, मान वळवून परत रिकाम्या फळीकडे बघतं. म्हणून खालच्या फळीवर काचेचं काही ठेवू नये. तिथं स्टीलच्या वाट्या, ॲल्युमिनियमचं जुनं पातेलं, लाकडी चमचे असावेत, आणि ते फडताळ काही महिने बाळाला उपसू द्यावं. दोन वर्षांचं झालं की तेच मूल ‘डाव आण’ म्हटल्यावर बरोबर त्या फळीशी जातं.